दहातले सात

माझ्या बायकोची जीभ आमच्या गावच्या, उझित्सेच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. स्तामेना तिथं तीस वर्षं चीज आणि कायमाक विकत आली. कायमाक म्हणजे दुधाची साय, थरावर थर रचून मिठात मुरवलेली. मागच्या शनिवारचा कायमाक आंबट निघाला अशी कुणी तक्रार केली, तर ती विचारायची, "कायमाक आंबट होता, का घरी भांडून मग खाल्लास?" गिऱ्हाईक हसायचं आणि पाव किलो जास्त घेऊन जायचं.

त्याच जिभेच्या उजव्या कडेला त्या उन्हाळ्यात एक व्रण आला. ती म्हणाली, कवळी घासतेय. मीही म्हणालो, कवळी घासत असेल. मग तिनं पावाची कड खाणं सोडलं, नंतर मांस सोडलं. स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला तेव्हा म्हणाली, "चाळिशीत जमलं नाही ते साठीत जमतंय. मिलोइको, तू जळू नकोस." शेवटी कवळी घासून घ्यायला दातांच्या डॉक्टरकडे गेलो, तर त्यानं तोंडात एकदा पाहिलं, हत्यारं बाजूला ठेवली आणि म्हणाला, उद्याच बेलग्रेडला जा.

बेलग्रेडच्या सर्जननं सगळं एका दमात सांगितलं. जिभेचा जवळजवळ अर्धा भाग काढायचा. मनगटावरची कातडी घेऊन तिथं नवा तुकडा बसवायचा. मानेतल्या गाठी काढायच्या. जखमा भरल्या की किरणं द्यायची. स्तामेना हवामानाचा अंदाज ऐकावा तशी ऐकत होती. नंतर त्यानं आम्हाला दुसऱ्या खोलीत पाठवलं, डॉक्टर अंजेल्का प्रोकिचकडे. शस्त्रक्रियेनंतर माणूस गिळू शकेल का, नसेल तर किती दिवस, आणि तोवर त्याला अन्न कसं पोचवायचं, हे पाहणं तिचं काम. पस्तिशीची असेल. केस कसेतरी वर बांधलेले, आणि टेबलावर अर्धवट खाल्लेला खिम्याचा बुरेक.

तिनं स्तामेनाला पाण्याचे घोट घ्यायला लावले आणि स्वतः तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून बसली. वजन केलं. काय खाता, काय सोडलंत, किती दिवसांपासून, सिगारेटी किती, घरी सोबत कोण, असं पुष्कळ विचारलं. मग कॉम्प्युटरमध्ये काहीतरी भरलं आणि खुर्ची आमच्याकडे वळवली.

"एक गोष्ट आत्ताच बोलून घेऊ," ती म्हणाली. "सुरुवातीला सगळ्यांनाच नाकातून नळी असते. तिच्यातून पातळ अन्न पोटात जातं. काहींची ती दोन-तीन आठवड्यांत निघते. काहींना मात्र नळी महिनोन्‌महिने लागते, आणि इतका वेळ नाकात नळी ठेवणं बरं नाही. त्यांना पोटावर एक बारीक छेद घेऊन सरळ जठरात नळी बसवतो. तुमच्यासारखे दहा जण घेतले तर सातांना ती लागते. म्हणून माझं मत असं, की शस्त्रक्रियेच्या वेळीच बसवून टाकू."

स्तामेनानं माझ्याकडे पाहिलं. ती तिओसावचा विचार करतेय हे मला कळलं, कारण मीही तोच करत होतो.

तिओसाव म्हणजे कोसानाचा नवरा. कोसाना बाजारात आमच्या शेजारी अंडी आणि सुक्या मिरच्या विकते. तिओसावला घशाचा कॅन्सर झाला होता. त्याच्या पोटात नळी बसवली आणि महिन्याच्या आत तो गेला. तेव्हापासून आमच्या बाजारात 'त्याला नळी बसवली' हे 'धर्मगुरूला बोलावलं' या चालीवर म्हणतात.

"आणि उरलेले तीन?" स्तामेनानं विचारलं. "ते कसले लोक असतात?"

"ज्यांची गाठ लहान असते," डॉक्टर म्हणाली. "ज्यांना नंतर किरणं लागत नाहीत. ज्यांचं वजन आधीच उतरलेलं नसतं. तुमचं अकरा किलो उतरलंय."

"सात फार होतात. सहा करा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि ती हसली.

"मला नाही करता येणार. तुम्हाला येईल, थोडंफार. गाठ जेवढी आहे तेवढी आहे, आणि किरणंही टळणार नाहीत. पण वजन तुमच्या हातात आहे, सिगारेट आहे, गिळायचे स्नायू आहेत. शस्त्रक्रियेला अजून तीन आठवडे आहेत."

"मग पुन्हा हिशोब करशील, पोरी?"

"करीन. खोटा मात्र करणार नाही."

त्या तीन आठवड्यांत आमच्या घरात जेवढं खाणं झालं तेवढं मी कुठल्या लग्नातही पाहिलं नव्हतं. लेपिन्या रोटी फाडून भाजणीच्या मांसाच्या रसात बुडवायची, वर अंडं आणि दोन चमचे कायमाक, आणि ओव्हनमधून काढून ती पार लगदा होईपर्यंत मुरवायची. हाडांचं सूप, दही, डॉक्टरनं दिलेली दुधात घालायची पावडर. एकेक घोटाला तिचा चेहरा दुखण्यानं आवळून यायचा, तरी ती खायची. सिगारेटचं पाकीट तिनं कोसानाकडे दिलं. कोसानानं ते अंड्यांच्या टोपलीखाली सारलं, आणि मागायला गेलं की म्हणायची, "संपल्या. मीच ओढल्या." जन्मात तिनं सिगारेट ओढली नव्हती.

शिवाय व्यायाम होते. जीभ बाहेर काढायची, टाळूला दाबून धरायची, जोर लावून गिळायचं. स्तामेना हे सगळं दुकानावर बसूनच करायची. एका गिऱ्हाइकाला वाटलं ती त्याला वेडावतेय. ते अगदीच खोटं असेल असं मी म्हणणार नाही.

परत गेलो तेव्हा वजन चार किलो वाढलं होतं. डॉक्टरनं पुन्हा सगळं भरलं आणि म्हणाली, "साडेपाच."

"पाच म्हणू या," स्तामेना म्हणाली.

"साडेपाच."

"अर्ध्यासाठी कशाला ताणतेस?"

"कारण साडेपाचच आहेत." डॉक्टर पुढे झुकली. "मावशी, नीट ऐका. हा आकडा तुमच्या एकटीचा नाही. तुमच्यासारख्या पुष्कळ माणसांचं काय झालं ते पाहून काढलेला आहे. तुम्ही कुठल्या बाजूला पडाल ते मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. सातावर होतात तेव्हा मी आग्रह केला असता. आता निम्म्यावर आलोय, तेव्हा थांबून पाहता येईल. आत्ता फक्त नाकातली नळी. किरणं सुरू व्हायच्या आधी बघायचं. तोपर्यंत बहुतेक जेवण तोंडानं जात असेल तर माझं काही म्हणणं नाही. जात नसेल तर पोटात नळी, आणि तेव्हा वाद घालायचा नाही."

स्तामेनानं हात पुढे केला. बाजारात सौदा ठरला की करतात तसा. डॉक्टरनंही तो घट्ट धरून हलवला.

शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली आणि दिवस मावळायला आला तेव्हा सर्जन बाहेर आला. थकलेला होता. म्हणाला, सगळी गाठ निघाली, कडा स्वच्छ आहेत, नवा तुकडा जिवंत आहे. मी त्याचे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. मग नर्सनं मला खुर्चीत बसवलं.

स्तामेनाला पाहायला आत जाताना मी ठरवलं होतं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. मानेत श्वासाची नळी, नाकात अन्नाची नळी, मनगटाला पट्टी, चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला. तिनं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि हातानं दाढीची खूण केली. दाढी करायची राहिली होती माझी.

मानेतली नळी लवकर निघाली. नाकातली राहिली. घरी आल्यावर मोठ्या सिरिंजनं पातळ अन्न हळूहळू सोडायचं, आधी आणि नंतर कोमट पाणी, हे मी शिकलो. बोलणं घोगरं आणि बोबडं येत होतं, पण शिवी दिली की कळायची. गिळणं मात्र येत नव्हतं. चमचाभर पाणी घेतलं तरी ठसका.

आठवड्याआड बेलग्रेडला जायचो. एकदा डॉक्टरनं तिला एक पांढरी खळ गिळायला दिली आणि एक्स-रेच्या पडद्यावर ती कुठं जाते ते आम्हाला दाखवलं. पांढरी धार घशात उतरली, जराशी थांबली, आणि तिच्यातली एक बारीक रेघ पुढे, चुकीच्या बाजूला घरंगळली.

"ती श्वासनलिका," डॉक्टर म्हणाली. "आता हनुवटी छातीला लावून गिळा."

हनुवटी लावल्यावर रेघ गेली नाही. तेव्हा मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. पण त्या पद्धतीनं वाटीभर सूप संपायला तास लागायचा, आणि ते संपेपर्यंत स्तामेना घामानं भिजलेली असायची. मी समोर बसून प्रत्येक चमचा मोजायचो. गळ्याकडे बघायचो. ती म्हणायची, "बघू नकोस." मी दुसरीकडे बघायचो, तर ठसका लागायचा आणि म्हणायची, "लक्ष कुठं असतं तुझं?" वजन पुन्हा उतरायला लागलं. आम्ही दोघंही एकमेकांशी नीट बोलेनासे झालो होतो.

किरणांची तारीख आठवड्यावर आली तेव्हा डॉक्टरनं हिशोब घेतला. तोंडानं जेमतेम तिसरा हिस्सा जात होता.

"ठरल्याप्रमाणे," ती म्हणाली.

"आणखी थोडे दिवस दे," स्तामेना म्हणाली.

"थोड्या दिवसांनी किरणं सुरू होतील, मावशी. तोंड आतून सोलून निघेल. आज जे तिसऱ्या हिश्शानं जातंय तेही जाणार नाही."

"विचार करते."

डॉक्टरनं वाद घातला नाही. दिलेल्या हाताची आठवणही करून दिली नाही. फक्त म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. तुमच्यासाठी जागा धरून ठेवते."

घरी येऊन स्तामेना भिंतीकडे तोंड करून पडली. मी समजवायला हवं होतं. पण पोटातली नळी म्हटलं की मला तिओसावची शवपेटीच दिसायची. मग मी कुठल्या तोंडानं समजावणार? मी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी केली आणि प्यायलो नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार उठल्यावर कोसाना आली. दर दोन-तीन दिवसांनी यायचीच. स्तामेनाच्या पायथ्याशी बसली, तिच्या पायावर पांघरूण घातलं आणि मला विचारलं, "काय झालंय हिला?" मी सांगितलं.

"हात दिला होतास ना डॉक्टरला?" कोसानानं तिला विचारलं.

"दिला होता."

"मग?"

"तिओसाव नळीनंच गेला," स्तामेना भिंतीकडे बघत म्हणाली. "तुला दुखवायचं नाही मला."

कोसाना तिच्याकडे सरकली. मग म्हणाली, "नळीनं गेला असं कुणी सांगितलं तुला?"

"सगळे म्हणतात."

"सगळे होते का माझ्या घरात? ऐक. त्याला डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं होतं, नळी बसवा. तो म्हणाला नको, चमच्यानं घेतो. मीही म्हणाले, हो, चमच्यानं घेईल. मी चमचा धरायचे, निम्मं दूध शर्टावर सांडायचं. अंगात त्राण उरलं नाही म्हणून किरणंही अर्ध्यावर थांबवली. शरद लागला तेव्हा कुठं नळी बसवली. तोपर्यंत उरलं काय होतं? हाडं. त्या दिवशी नळीतून जेवण गेलं आणि तासाभरानं तो मला म्हणाला, कोसाना, आज पोट भरलं. हे आधी का नाही केलं आपण?"

तिचा आवाज चढला नव्हता. ती पांघरुणाची एक सुरकुती सारखी करत होती.

"बाजारात लोक काय बोलतात ते मला ऐकू येत होतं," ती म्हणाली. "मी कधी कुणाला सुधारलं नाही. मेलेल्या माणसाबद्दल कशाला वाद घालायचा. पण तू जर माझ्या डोळ्यांदेखत तेच करणार असशील, तर उद्यापासून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगीन, की स्तामेना कायमाकात पीठ घालायची."

स्तामेना वळली. आधी मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती, आणि हसताना तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ येत होती, ती कोसानानं आपल्या रुमालानं पुसली. मग दोघीही रडल्या, थोडा वेळ.

"मिलोइको," स्तामेना म्हणाली, "फोन कर त्या पोरीला."

नळी बसवायला अर्धा तास लागला असेल. मी बाहेर प्रार्थना म्हणत होतो, तीही मधूनच विसरत होतो. मला आत बोलावलं तेव्हा स्तामेना पांघरूण वर करून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. नाभीच्या वर, जरा डावीकडे, बोटाएवढी नळी आणि तिला एक झाकण. आणि नाक मोकळं. इतक्या दिवसांनी मी तिचं अख्खं नाक पाहिलं.

"एवढंच?" ती म्हणाली. "एवढ्यासाठी मी भिंत बघत पडले होते?"

किरणांचे आठवडे वाईट होते, ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. मानेची कातडी भाजल्यासारखी काळी पडली. तोंड आतून सोललं, थुंकी गिळायची म्हटली तरी ती टेबलाची कड धरायची. आम्ही हॉस्पिटलजवळ एक खोली घेऊन राहिलो होतो. पण सकाळ, दुपार, संध्याकाळ तिचं जेवण नळीतून वेळेवर पोटात जात होतं, आणि सोमवारी वजनकाट्यावर आकडा जागचा हलत नव्हता. एकही दिवस किरणं चुकली नाहीत.

त्या दिवसांत मला जे वाटत होतं ते नीट सांगतो. मला सुटल्यासारखं वाटत होतं. घास म्हणजे परीक्षा राहिली नव्हती. मी सिरिंज जोडायचो, ती टीव्ही बघायची, मध्येच बातम्या देणाऱ्या बाईच्या केसांवर काहीतरी बोलायची. जेवण उरकलं की आम्ही पत्ते खेळायचो. आमच्यात पुन्हा बोलणं सुरू झालं. डॉक्टर अंजेल्का किरणांच्या विभागात रोज चक्कर मारायची आणि काहीही झालं तरी चार-पाच चमचे पाणी तोंडानं घ्यायला लावायची. "नळी आहे म्हणून गिळणं विसरायचं नाही," ती म्हणायची. स्तामेना तिला वाटेल ते बोलायची आणि हनुवटी छातीला लावून पाणी गिळायची.

हिवाळा संपता संपता चमच्यांची वाटी झाली. मग दही, मग उकडलेला बटाटा कुस्करून, मग पातळ केलेली लेपिन्या. नळीतून एक वेळचं जेवण कमी झालं, मग दुसरं. मनुक्याच्या झाडांना फुलं आली तेव्हा तिनं सलग कितीतरी आठवडे नळीचं झाकणही उघडलं नव्हतं, फक्त धुवायला उघडायचं तेवढंच. पुन्हा एक्स-रे झाला. पांढरी धार उतरली आणि सगळीच्या सगळी योग्य बाजूनं गेली. त्याच आठवड्यात सर्जननं स्कॅन पाहिला आणि म्हणाला, काही दिसत नाही, दर दोन महिन्यांनी येऊन दाखवत जा.

नळी डॉक्टर अंजेल्कानं स्वतः काढली. स्तामेनाला दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं आणि एक झटका दिला. वर गॉझचा तुकडा चिकटवला. छेद आपोआप बुजतो, शिवावाही लागत नाही, ती म्हणाली.

"मग शेवटी मी कशात मोडले?" स्तामेनानं विचारलं. "साडेपाचात, का साडेचारात?"

"साडेपाचात. पण थोडे महिनेच."

"म्हणजे तुझा हिशोब बरोबर होता."

"या वेळी हो. दर वेळी नसतो."

स्तामेनानं पिशवीतून कायमाकचा डबा काढून तिच्या टेबलावर ठेवला. डॉक्टर नको नको म्हणाली. स्तामेना म्हणाली, "घे. पुढच्या बाईला अर्धा सोडून दे."

आता ती आठवड्यातून तीन दिवस दुकानावर बसते. बोलणं पूर्वीसारखं नाही. 'र' आणि 'ल' तिच्या तोंडात एकच झालेत. काही गिऱ्हाइकांना निम्मं कळत नाही, तरी ते मान डोलावतात आणि ती जेवढं तोलते तेवढं मुकाट घेऊन जातात. त्याचा तिनं पुरेपूर फायदा घेतलाय.

गेल्या रविवारी कोसाना आमच्याकडे जेवायला होती. मी कोकराच्या मांसाची चॉर्बा, म्हणजे दाट सूप केलं, भाज्या विरघळेपर्यंत शिजवून. किरणांनंतर स्तामेनाला कशालाच चव लागत नव्हती. सगळं ओला पुठ्ठा खाल्ल्यासारखं लागतं, म्हणायची. चव येईल कदाचित, नाहीही येणार, असं डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं. कोसाना आणि मी जेवण उरकून तिच्या मिरच्यांच्या रोपांबद्दल बोलत होतो, गोगलगायींनी निम्मी रोपं खाल्ली होती. स्तामेना तिच्या गतीनं जेवत होती. मध्येच तिनं चमचा खाली ठेवला.

"मिलोइको," ती म्हणाली, "चॉर्बा खारट केलीस."

मी पुन्हा चाखून पाहिली. खरंच खारट झाली होती. कोसानानंही ती मुकाट्यानं संपवली होती.

"खारट," स्तामेना पुन्हा म्हणाली, आणि वाटी पुढे करून आणखी मागितली.